‘तीन छप्पन’चा खप

लातूर,
१४ ऑगस्ट २००३

अक्का, शरणार्थ.

फोन केला की दाजींच्या दुकानात पहिला हात अप्पांचाच पडतो, आणि मला त्यांच्याशी बोलायचं नसतं, हे तुला दहा वर्षांपासून माहीत आहे. म्हणून हे पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतोय. चाळीस सीड्यांचं खोकं एस्टीच्या पार्सलनं दाजींच्या नावे वेगळं पाठवलंय.

खेळ झाला एकदाचा. नाव ठेवलंय ‘तीन छप्पन’. तुला कम्प्युटरचं वावडं आहे, म्हणून सांगतो. गाव आपलंच, फक्त नाव बदललंय. तीस घरं, दगडमातीची, वर मातीचं जड माळवद. दहा वर्षांचं एक लेकरू पहाटेच्या अंधारात गल्लीगल्लीतून पळतं, झोपलेल्या माणसांना उठवतं आणि शाळेच्या पटांगणात आणून बसवतं. घड्याळ चालू असतं. तीन छप्पनला जमीन हलते. जे घरात राहिले ते गेले.

तीन वर्षं घातली मी यात. दिवसा सायबर कॅफेत लोकांचे बायोडाटे टाईप केले आणि उरलेल्या वेळात हे केलं. मग विकायला निघालो तर कुणी विचारेना. शेवटी शेषेराव सरांकडे गेलो. त्यांच्या क्लासला दोन हजार पोरं आहेत. सर आधी हसले. मग म्हणाले, प्रत्येक दारावर सीईटीचा एक प्रश्न टाका, बरोबर उत्तर आलं तरच दार उघडू द्या, मी पाचशे सीड्या घेतो. मला असा राग आला होता की उठून यावं. पण पाचशे म्हटल्यावर गिळला. आता घर्षणाचा नियम सांगितला की रेवणप्पाकाकांच्या घराचं दार उघडतं. हसू नको.

दाजींचं पुस्तकांचं दुकान नांदेडच्या क्लासच्या गल्लीतच आहे. तिथं खपतील. कोण काय म्हणतंय ते कळव.

तुझा
मल्लिनाथ


नांदेड,
२ सप्टेंबर २००३

मल्ली,

हसले न्हाई. मला वाईट वाटलं, पण ते जाऊ दे.

तुझ्या चाळीसातल्या एकतीस गेल्या. इथल्या भाग्यनगरची लेकरं क्लास सुटला की थेट काऊंटरवर. एक पोरगी म्हणाली, गाईड वाचून झोप येते, हे खेळताना येत न्हाई. दाजी खूश हायेत, अजून शंभर पाठव म्हणायलेत.

दुकानातल्या मशीनवर खेळ चालू ठेवलाय, गिऱ्हाइकाला दाखवायला. अप्पा काऊंटरमागं खुर्ची टाकून बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, हे कुणी केलं. तू केलास म्हणून सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि परत पडद्याकडं बघत बसले. तुझं नाव घेतलं न्हाई, पण मशीन बंद करा पण म्हणले न्हाई. मला तर तेवढ्यानंच भरून आलं.

दिवाळीला ये. एकदा ये. दहा वर्षं झाली, तुम्ही दोघं एका शहरात एका दिवशी आला न्हाईत. माझ्या लग्नाच्या फोटोत तुम्ही दोघं शेजारी उभे हायेत, तो फोटो बघितला की मला तुम्हा दोघांना झोडपावं वाटतं.

अक्का


लातूर,
१ ऑक्टोबर २००३

अक्का,

कालच्या पेपरात माझी मुलाखत आली, भूकंपाला दहा वर्षं झाली म्हणून. कात्रण सोबत आहे. इथं सकाळपासून धुरळा उडालाय. तुझ्या कानावर दुसऱ्याकडून यायच्या आत माझ्याकडून जावं, म्हणून घाईत पाठवतोय.

जे बोललो ते खरं आहे. मागं घेणार न्हाई.

मल्लिनाथ


नांदेड,
९ ऑक्टोबर २००३

मल्लिनाथ,

कात्रण चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचलं असतं तर फाडलं असतं.

काय म्हणालास तू? “आमच्या गावातली माणसं भूकंपानं मेली न्हाईत, अभ्यासानं मेली. वर्षभर हादरे बसत होते. गणपतीचे दहा दिवस सगळं गाव शाळेच्या पटांगणात, मंडपात झोपलं होतं. विसर्जन झालं आणि हेडमास्तरांनी मंडळाचा माईक हातात घेऊन सांगितलं, सोमवारपासून सहामाही आहे, लेकरांना घरी न्या, लाईटखाली बसवा. लोक लेकरं घेऊन घरात गेले. आज लातूर तेच करतंय, अभ्यासाच्या नावाखाली लेकरांना माळवदाखाली झोपवतंय.”

नाव घेतलं न्हाईस म्हणून तुला वाटलं तू लई सभ्यपणा केलास? गावात हेडमास्तर कितीजण होते? तू आपल्या बापाला पेपरात घातलंस. ज्याची बायको गेली आणि अकरा वर्षांची लेक रुद्राणी गेली, त्या माणसाला तू पेपरात खुनी केलंस, आणि ते पण खोक्यात भरलेल्या सीड्या विकायच्या वेळेला. मला सांग, मुलाखतीखाली तुझ्या खेळाचं नाव आणि कुठं मिळेल ते कामून छापलंय? खप वाढावा म्हणून? आमची अव्वा आणि रुद्राणी तुला जाहिरातीला लागल्या?

नव्या गावातून रेवणप्पाकाकांचा फोन आला होता. त्यांच्या घरातली चार माणसं गेली, तुला माहीत हाय. ते म्हणाले, “मास्तरला सांग, आम्ही आमच्या पायानं घरी गेलो. आमाला कुणी उचलून नेलं न्हाई.” म्हातारा फोनवर रडत होता. ज्यांची माणसं गेली त्यांनी कधी अप्पांकडं बोट केलं न्हाई, आणि पोटचा पोरगा करतो. आणि बाकीच्या गावांत काय झालं? तिथं कुणी माईक घेतला होता? तिथंपण माणसं घरातच होती आणि घरातच गेली.

आणि तू वाचलास कशामुळं? तू बारावीला लातूरला खोली घेऊन राहिला होतास. तुला तिथं कुणी पाठवलं? तुझ्या त्या हेडमास्तरनंच. अभ्यासाला.

अप्पांना मी पेपर दाखवला न्हाई. लपवून ठेवलाय. लातूरचा पेपर इथं येत न्हाई, तेवढंच नशीब.

तुझ्या सीड्या मी दुकानाच्या माळ्यावर टाकल्यात. मला त्या डोळ्यासमोर नको.

वर्षाराणी


लातूर,
२० ऑक्टोबर २००३

अक्का,

खपासाठी बोललो म्हणतेस? मग ऐक खप कसा झालाय ते.

मुलाखत आली त्याच्या तिसऱ्या दिवशी शेषेराव सरांचा शिपाई ऑटोरिक्षात पाचशेच्या पाचशे सीड्या भरून माझ्या खोलीवर आला आणि उंबऱ्यात टाकून गेला. मी सरांकडे गेलो. दीड तास बाहेर बसवलं. मग म्हणाले, तुमचा खेळ चांगला आहे हो, पण तुमची मतं आमच्या धंद्याच्या मुळावर येतात, पालक विचारायलेत. मी म्हणालो, खेळात मी एक शब्द क्लासविरुद्ध बोललो न्हाई, उलट तुमचेच प्रश्न टाकलेत. ते म्हणाले, खेळणाऱ्याला तुमचं नाव दिसतं ना. दुसरे दोन क्लासवाले तर भेटलेच न्हाईत. एका दुकानदारानं माझ्यासमोर सीडी मोडली आणि म्हणाला, मेलेल्यांवर पोट भरतोस. त्याच्या घरातलं कुणी गेलेलं न्हाई, मी चौकशी केली.

एकट्या नांदेडचा भरवसा होता, तर तू माळ्यावर टाकल्यास. म्हणजे शेषेराव आणि तू, दोघांनी एकच केलं. माणूस काय बोलला ते बघायचं, त्यानं काय केलं ते बघायचं न्हाई. माझं तोंड वाईट म्हणून माझा खेळ वाईट?

आणि आता अप्पांचं. तू त्या दिवशी संध्याकाळी पोचलीस. मी दुपारी ट्रकमधून उतरलो होतो. मी जे बघितलं ते तुला कधी सांगितलं न्हाई, आज सांगतो. आपलं घर म्हणजे नुसता ढिगारा. लोक हातानं दगड काढत होते. मिलिटरीचे जवान आलेले. आणि तुझे अप्पा शाळेसमोर उभे राहून हजेरीपट वाचत होते. बायको दगडाखाली, पोरगी दगडाखाली, आणि हा माणूस हजेरी घेत होता. पहिली ते सातवी. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो तर त्यांनी माझ्याकडं बघितलं पण न्हाई, पुढचं नाव वाचलं. त्या दिवसापासून मला त्यांचा आवाज सहन होत न्हाई. माईकचं तर मला नंतर कळलं.

हे दहा वर्षं पोटात घेऊन जगतोय मी. एकदा बोललो तर गुन्हा केला का?

मल्लिनाथ


नांदेड,
१८ नोव्हेंबर २००३

मल्ली,

महिनाभर लिहिलं न्हाई, कारण लिहिलं असतं ते तुला वाचवलं नसतं. आता शांत झाले असं समजू नको. फक्त सांगायचं लई साठलंय.

आधी खपाचं सांगते, तुला त्याचीच काळजी. सीड्या माळ्यावरून दाजींनी आठ दिवसांतच खाली काढल्या, माझं ऐकलं न्हाई. शंभर संपल्या. इथं तुझी मुलाखत कुणीच वाचली न्हाई रे. तुझी मतं काय, तू कोण, एका लेकरानं विचारलं न्हाई. विचारतात ते एकच, यात केमिस्ट्री आहे का. तू तिकडं जीव तोडून जे बोललास त्याचा अख्ख्या नांदेडात एकाच माणसावर परिणाम झाला, आणि तो आमच्या काऊंटरमागं बसतो.

मी तुला लिहिलं होतं ते खोटं निघालं. अप्पांनी मुलाखत वाचलीय. लातूरचा पेपर वाचनालयात येतो, ते रोज सकाळी तिथं जातात, आणि मला मूर्खाला ते सुचलं न्हाई. त्याच दिवशी वाचली. घरी येऊन जेवले, दुकानात गेले आणि तुझा खेळ सुरू करून स्वतः खेळायला बसले. मला वाटलं, लेकाचं कौतुक करायलेत.

रोज बसतात. तीन दारांच्या पुढं जात न्हाईत. सातवीपर्यंतचं गणित शिकवलेला माणूस, त्याला प्रकाशाचं परावर्तन कुठलं येतंय? उत्तर चुकतं, वेळ जातो, तीन छप्पन वाजतात, पडदा हलतो. मग परत पहिल्यापासून. क्लासची लेकरं मागं उभी राहून हसतात. एक-दोघं उत्तर सांगायला गेली तर अप्पांनी त्यांना गप्प केलं, म्हणले, कॉपी चालणार न्हाई.

गेल्या महिन्यात बघते तर दुकानातलं बारावीचं फिजिक्सचं गाईड घेऊन बसलेत. वही घातलीय. पाढे लिहावेत तसे नियम लिहून काढायलेत. पासष्टाव्या वर्षी. मी विचारलं, अप्पा, हे कशाला? तर म्हणाले, “आपलं घर सगळ्यात शेवटी हाय. तिथपर्यंत जायचंय.”

आता सांग, मी काय करू? तू ऐकतोस का वाचून पुढं जातोस?

आणि हजेरीचं. तुला वाटलं त्यांना नोकरीचं पडलं होतं. अरे मूर्खा, जवानांना गावातलं एक घर ठाऊक नव्हतं. कुठल्या ढिगाऱ्याखाली किती लेकरं हायेत, कुणालाच सांगता येईना, मोठी माणसं सगळी वेड्यासारखी झालती. गावात नावांची यादी एकच होती, हजेरीपट. अप्पा नाव वाचायचे, घर दाखवायचे, जवान तिथं खणायचे. सात लेकरं जिवंत निघाली. रुद्राणी सहावीत होती. तिचं नाव त्यांनी तिच्या नंबरावरच वाचलं, आधी न्हाई. हे मला रेवणप्पाकाकांनी सांगितलं, तेही परवा, तुझ्या मुलाखतीच्या रागात. अप्पांनी स्वतः कधी सांगितलं न्हाई. तू विचारलंस का कधी? मी तरी कुठं विचारलं.

आता एक शेवटचं बोलते, ते तुला लागलं तर लागू दे. अप्पांनी माईकवर सांगितलं, अभ्यास करा. तू प्रत्येक दारावर लिहिलंस, अभ्यास करा. त्यांच्या शाळेत उत्तर चुकलं तर छडी मिळायची. तुझ्या खेळात उत्तर चुकलं की आतली माणसं मरतात. आणि ते तू पाचशे सीड्यांसाठी केलंस. त्यांनी तर कशासाठीच केलं न्हाई, त्यांना फक्त वाटलं लेकरं शिकावीत. मग पेपरात कुणाचं नाव यायला पाहिजे होतं?

अक्का


लातूर,
११ डिसेंबर २००३

अक्का,

तुझं पत्र वाचून दोन दिवस तुला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी बसून सगळ्या दारांवरचे प्रश्न काढून टाकले.

त्याच आठवड्यात शेषेराव सर स्वतः खोलीवर आले. जिना चढून. त्यांच्या समोरच्या क्लासनं कम्प्युटर लॅब काढलीय, म्हणून आता त्यांना खेळ पाहिजे, आणि पाचशे न्हाई, हजार. मी म्हणालो, माझी मतं? त्यांनी हात झटकला. मतं काय, दोन महिन्यांत लोक विसरतात, तुम्ही फक्त बायोलॉजी टाका, मेडिकलची पोरं मागायलेत. अक्का, मला त्यांनी सीड्या परत फेकल्या तेव्हा आला न्हाई तेवढा राग तेव्हा आला. मी बोललो ते त्यांना झोंबलं म्हणून परत दिलं असतं तर मी त्यांना मान दिला असता. त्यांना ते कधी झोंबलंच नव्हतं. मी त्यांना जिन्यावरून खाली जा म्हणून सांगितलं. सांगताना जे शब्द वापरले ते तुला लिहिता येत न्हाईत.

मग बिनप्रश्नाचा खेळ दुकानांत ठेवला. नुसतं दार वाजवायचं, माणसं बाहेर येतात. दोन सीड्या गेल्या. त्यातली एक परत आली. पोराचा बाप म्हणाला, यात अभ्यास कुठंय? आता मला उत्तर कळलं. मतांनी माझा खप बुडाला न्हाई. लोकांनी शिव्या दिल्या, विसरले आणि परत मागायला आले. प्रश्न काढले तेव्हा बुडाला, तो कायमचा.

बुडू दे. मी परत बायोडाटे टाईप करायलोय.

सोबत एक सीडी आहे, ती अप्पांना दे. त्यांना सांग, गाईड बंद करा. आता कुठलंच दार अडत न्हाई, आपलं पण न्हाई. अव्वा आणि रुद्राणी दोघी बाहेर येतात. मी ते एकदाच चालवून बघितलं, परत बघायची हिंमत झाली न्हाई.

हजेरीपटाचं मी तुझ्या पत्रात तीनदा वाचलं. मी येत न्हाई. काय तोंड घेऊन येऊ? सीडी दे, त्यातच समजून घेतील.

मल्ली


नांदेड,
४ जानेवारी २००४

मल्ली,

सीडी दिली. समजून घेतील म्हणालास ना, मग काय समजून घेतलं ते ऐक.

गेल्या रविवारी दुकान बंद होतं. मी, दाजी आणि अप्पा, तिघंच. मी सांगितलं, मल्लीनं तुमच्यासाठी केलाय, यात प्रश्न न्हाईत. लई दिवसांनी त्यांच्या तोंडावर जरा उजेड बघितला मी. त्यांनी फिजिक्सची वही बाजूला सारली आणि बसले.

पहिलं दार वाजवलं, उघडलं. दुसरं उघडलं. रेवणप्पाकाकांचं उघडलं, सगळी बाहेर आली. गल्लीच्या गल्ली उठून पटांगणात जायला लागली. अप्पा नावं घ्यायले होते, एकेका घराची, पडद्यावर नावं नसताना. शेवटी आपलं घर. त्यांनी वाजवलं. अव्वा बाहेर आली, रुद्राणीला हाताला धरून. तू रुद्राणीला दोन वेण्या घातल्यास, बरोबर घातल्यास. सगळं गाव मैदानात बसलं आणि घड्याळात अजून अठरा मिनिटं शिल्लक होती.

मला वाटलं आता रडतील, आणि रडले की बरं होईल. दाजी पाणी आणायला उठले.

अप्पा रडले न्हाईत. ते घड्याळाकडं बघत बसले, अठरा मिनिटं संपेपर्यंत. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, “नुसतं दार वाजवायचं होतं व्हय?”

तेव्हापासून हेच विचारायलेत. जेवताना विचारतात. दाजींना विचारतात. पहिल्या खेळात दार अवघड होतं, रोज हरत होते, पण हरायला काहीतरी कारण होतं, मला येत न्हाई म्हणून हरलो असं म्हणता येत होतं. गाईड वाचत होते, वही भरत होते, जगत होते. तू प्रश्न काढून घेतलेस आणि त्यांच्याजवळ ती अठरा मिनिटं ठेवून दिलीस. तुला दया करायची होती, मला माहीत हाय. पण तुझ्या मुलाखतीनं जे झालं न्हाई ते तुझ्या दयेनं झालं. वही त्यांनी मला रद्दीत घालायला दिली. वाचनालयात जाणं बंद केलंय. खुर्चीवर बसतात आणि गिऱ्हाईक आलं तरी वर बघत न्हाईत.

मी सांगून बघितलं. “अप्पा, एवढं सोपं नव्हतं,” मी म्हणाले. कुणाला ठाऊक होतं त्या रात्री येईल म्हणून? वर्षभर हादरे येतच होते, रोज कोण दारं वाजवत फिरणार? रेवणप्पाकाकांना फोन लावून दिला, त्यांनी पण सांगितलं. अप्पा सगळ्यांचं ऐकून घेतात, मान हलवतात आणि म्हणतात, खेळ मल्लीनं केलाय, त्याला ठाऊक असणार.

त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय. दहा वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलं ते या कारणानं घेतलं.

म्हणून आता सीडी नको, कात्रण नको, पत्र तर मुळीच नको. मी तुम्हा दोघांची टपालवाली व्हायचं आजपासून सोडलं. पुढच्या सोमवारच्या सकाळच्या एस्टीनं निघ, दुपारपर्यंत इथं पोचतोस. काऊंटरपुढं उभा राहा आणि त्या माणसाला सांग की ते इतकं सोपं नव्हतं. तू खरं बोलणारा हायस, पेपरात बोलतोस, शेषेरावांना जिन्यावरून उतरवतोस, मला ठाऊक हाय. तुला ते खरं वाटत नसलं तरी सांग. खोटं म्हणून सांगावं लागलं तरी सांग.

अक्का